रॉक आणि मूलद्रव्यांची क्विझ पहिल्यांदाच घेताय? मग हे वाचा

रॉक संगीताचा इतिहास आणि मूलद्रव्यं असे दोन विषय एका क्विझमध्ये घ्यायचे म्हटलं, की ऐकणारा आधी विचारतो, ‘यांचा काय संबंध?’ संबंध भरपूर आहे, तो पुढे येईलच. पण क्विझ घेणाऱ्यासाठी या जोडीची खरी गंमत वेगळी आहे. हे दोन विषय त्याला अगदी उलट बाजूंनी अडचणीत आणतात. मूलद्रव्यं ११८, यादी भिंतीवर टांगता येते, माहिती पक्की. तरी प्रश्नातला एक शब्द सैल राहिला की तीन-तीन बरोबर उत्तरं हजर. रॉकमध्ये प्रश्न कितीही घासूनपुसून घ्या, माहितीतच दंतकथा मिसळलेल्या. मी या दोन्ही विषयांवर क्विझ घेत आलोय आणि नवीन मंडळी त्याच त्या जागी ठेचकाळताना पाहतो, म्हणून हा क्रमवार लेख.

प्रश्न सोपा झाला की अवघड, ही काळजी नंतरची. आधी प्रत्येक प्रश्नाला दोन कसोट्या लावा. उत्तर एकच निघतं का? आणि ज्याला ते पाठ नाही त्यालाही विचार करून तिथवर पोचता येतं का? पुढचं सगळं या दोन कसोट्यांभोवतीच आहे.

लागणारं सामान

- आवर्तसारणीची ताजी प्रत. ११३, ११५, ११७ आणि ११८ या जागांवर निहोनियम, मॉस्कोव्हियम, टेनेसीन आणि ओगानेसन ही नावं हवीत. ती नसतील तर तुमची सारणी २०१६ च्या आधीची आहे, बाजूला ठेवा.
- प्रश्नवही किंवा स्प्रेडशीट. रकाने सहा: प्रश्न, उत्तर, चालेल असं पर्यायी उत्तर, पहिला आधार, दुसरा आधार, तपासल्याची तारीख.
- उत्तरपत्रिका (लागतील त्याच्या दीडपट) आणि पेनं.
- स्पीकर, आणि त्याला जोडायची वायर. ब्लूटूथ ऐन वेळी भलत्याच फोनला जाऊन चिकटतं.
- टायमर.
- एक गुणलेखक. हे काम क्विझमास्टरने स्वतःकडे ठेवू नये.
- प्रत्येक फेरीमागे दोन राखीव प्रश्न.

## १. समोर कोण बसणार ते आधी पाहा

रसायनशास्त्राचे विद्यार्थी असतील तर ‘सोडियमची संज्ञा काय’ विचारण्यात अर्थ नाही. जुन्या रॉकचे चाहते असतील तर बीटल्समधल्या चौघांची नावं विचारणं म्हणजे त्यांचा अपमानच. मिश्र गर्दी असेल (आणि बहुधा तीच असते) तर संघ करतानाच मिसळा: प्रत्येक संघात एक तरी गाणी ऐकणारा आणि एक तरी सारणी घोकलेला. संघ चार जणांचे ठेवा. सहाच्या वर गेले की दोघंतिघं नुसतेच बसून राहतात.

पहिल्या वेळी चार फेऱ्या पुरतात: मूलद्रव्यं, रॉकचा इतिहास, ऐकण्याची फेरी आणि दोन्ही विषय एकत्र आणणारी जोडफेरी. प्रत्येकी दहा प्रश्न. वाचणं, विचार, उत्तरं जाहीर करणं आणि मधली कुरकुर धरून याला दीड तास सहज जातो.

लेखी की तोंडी? पहिल्यांदा घेताना लेखीच घ्या. तोंडी क्विझमध्ये ‘पास’ होत आलेला प्रश्न कोणाला मिळतो यावर गुण ठरतात, आणि कच्च्या संघाच्या शेजारी बसलेल्याची चांदी होते. अनुभवी लोक यावर इन्फिनिट बाउन्सचा तोडगा काढतात: ज्याने उत्तर दिलं त्याच्या पुढच्या संघाला पुढचा प्रश्न. पण ते सांभाळताना नवा क्विझमास्टर आकडे विसरतो. लेखी फेरीत सगळ्यांना सगळे प्रश्न मिळतात, वाद निम्मे होतात.

## २. माहिती जमवा, पण दोन ठिकाणांहून

प्रत्येक उत्तराला दोन स्वतंत्र आधार हवेत. ‘स्वतंत्र’ या शब्दावर जोर आहे, कारण इंटरनेटवर एकच वाक्य दहा ठिकाणी उतरवलेलं असतं आणि दहा आधार मिळाल्याचा भास होतो. मूलद्रव्यांसाठी आययूपॅक या आंतरराष्ट्रीय संस्थेची सारणी आणि एखादं पाठ्यपुस्तक. रॉकसाठी अल्बमचं वेष्टन, त्या काळातल्या नियतकालिकातली बातमी, नाहीतर कलाकाराचं नीट संपादित चरित्र. मुलाखतींवर जपून विश्वास ठेवा. रॉकवाल्यांना एकच किस्सा तीन मुलाखतींत तीन तऱ्हांनी सांगायची हौस असते.

तपासल्याची तारीख लिहायला मी का सांगतोय? प्रश्न शिळे होतात म्हणून. ‘आवर्तसारणीत न येणारं एकमेव रोमन अक्षर कोणतं? जे.’ हा प्रश्न वर्षानुवर्षं चालत आलाय. पण ११४ व्या मूलद्रव्याचं तात्पुरतं नाव उनउनक्वाडियम होतं, म्हणून ‘क्यू’ तेव्हा सारणीत होतं. २०१२ मध्ये त्याचं नाव फ्लेरोव्हियम झालं आणि ‘क्यू’ सुद्धा गेलं. आज तो प्रश्न चुकीचा आहे, तरी जुन्या प्रश्नसंचांत अजून ठाण मांडून बसलेला दिसतो. ‘अमुक बँडचे हयात सदस्य किती’ हा प्रकारही तसाच. तो क्विझच्या दिवशी सकाळी पुन्हा तपासायची तयारी असेल तरच घ्या.

## ३. प्रश्न घडवणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एकच प्रश्न घेऊ आणि तो कसा घडतो ते पाहू. उत्तर ठरलंय: गॅलियम.

पहिला खर्डा: ‘गॅलियमचा शोध कोणत्या वर्षी लागला?’ उत्तर १८७५. पक्कं आहे, पण निर्जीव आहे. ज्याला माहीत त्याला माहीत, बाकीचे आकडे फेकणार. वर्ष हे उत्तर म्हणून नीरस असतं. इशारा म्हणून मात्र कामाचं.

दुसरा खर्डा: ‘शोधणाऱ्याच्या देशावरून नाव मिळालेलं मूलद्रव्य कोणतं?’ आता विचाराला वाव आहे, पण उत्तरं मोजा. गॅलियम फ्रान्सच्या लॅटिन नावावरून. जर्मेनियम जर्मनीवरून. फ्रान्सियम पुन्हा फ्रान्सवरूनच. निहोनियम जपानवरून. आणि पोलोनियम मेरी क्यूरींच्या पोलंडवरून. पाच बरोबर उत्तरं असलेला प्रश्न म्हणजे भांडणाला आमंत्रण.

तिसरा खर्डा: ‘मेंडेलीव्हने आपल्या सारणीत याची जागा रिकामी ठेवली आणि तात्पुरतं नाव दिलं एका-ॲल्युमिनियम. १८७५ मध्ये ते सापडलं आणि शोधणाऱ्याच्या देशाच्या लॅटिन नावावरून त्याला नाव मिळालं. तळहातावर ठेवलं तर हा धातू वितळतो. कोणता?’

आता दारं तीन झाली. सारणी डोळ्यांसमोर असलेला खेळाडू ॲल्युमिनियमच्या खालच्या घरात जाईल. इतिहासवाला ‘गॉल’ (फ्रान्सचं प्राचीन नाव) आठवेल. आणि ज्याने तळहातावर वितळणाऱ्या चमच्याचा व्हिडिओ पाहिलाय तो तिसऱ्या वाक्याला उडी मारेल. उत्तर मात्र एकच: त्याचा द्रवणांक २९.७६ अंश सेल्सिअस, शरीराच्या तापमानापेक्षा बराच कमी. (‘एका’ हे मेंडेलीव्हने संस्कृत अंकावरून घेतलं होतं. त्यावर प्रश्न करायचा मोह होईल, पण मराठी कानाला तो फारच सोपा पडतो.)

इशाऱ्यांचा क्रम अवघडाकडून सोप्याकडे ठेवा. लेखी फेरीत त्याने फारसं बिघडत नाही, पण बझरच्या फेरीत पहिल्याच वाक्यात सोपा इशारा गेला तर पुढचं वाचायला तुम्हाला मिळणारच नाही. आणि प्रश्न तीन वाक्यांपलीकडे जाऊ देऊ नका. ऐकणाऱ्याला पहिलं वाक्य आठवत नाही.

## ४. मूलद्रव्यांच्या फेरीतले खड्डे

तापमान न सांगणं. ‘द्रवरूप मूलद्रव्यं कोणती?’ अपेक्षित उत्तर पारा आणि ब्रोमीन. कोणीतरी उठून म्हणेल, ‘आमच्याकडे उन्हाळ्यात गॅलियम पण द्रव असतं.’ आणि त्याचं बरोबर असेल. सीझियम तर २८.५ अंशांनाच वितळतं. ‘२५ अंश सेल्सिअसला’ हे तीन शब्द घाला, वाद मिटला.

‘सर्वाधिक’. ‘सर्वाधिक प्रमाणात आढळणारं मूलद्रव्य’ विचारताना कुठे ते सांगा. विश्वात हायड्रोजन, पृथ्वीच्या कवचात ऑक्सिजन, कवचातल्या धातूंत ॲल्युमिनियम, हवेत नायट्रोजन, आणि अख्ख्या पृथ्वीचं वस्तुमान धरलं तर लोह. एका शब्दाला पाच उत्तरं.

काठावरचे विक्रम. सर्वांत जास्त घनता कोणाची? ऑस्मियम २२.५९ आणि इरिडियम २२.५६ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. फरक इतका बारीक की जुन्या पुस्तकांत क्रम उलटाही सापडतो. हा प्रश्न विचारायचाच असेल तर ‘घनतेत पहिल्या दोन क्रमांकांवर असलेल्या धातूंपैकी कोणताही एक सांगा’ असा विचारा.

‘शोध कोणी लावला’. इथे फार जपून. ऑक्सिजन शेले आणि प्रिस्टली या दोघांनी वेगवेगळा मिळवला: शेलेने आधी, पण प्रसिद्ध केलं नंतर, आणि ते नेमकं काय आहे हे मांडलं लाव्हाझियेने. मग शोधक कोण? वर्णपटातली हीलियमची रेषा १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाशी जोडली जाते. जानसेन त्या वेळी गुंटूरहून ग्रहण पाहत होता, लॉकयरने पुढे इंग्लंडमधून सूर्याचा वर्णपट अभ्यासला, आणि पृथ्वीवर हीलियम वेगळा केला तो १८९५ मध्ये रॅमसेने. ‘हीलियम कोणी शोधला’ या तीन शब्दांत एवढं सगळं मावत नाही. तोच मजकूर उलटा करून पाहा: ‘पृथ्वीवर सापडण्याआधी सूर्यात दिसलेलं, धातू असेल असं वाटून तसंच नाव मिळालेलं, पण प्रत्यक्षात वायू निघालेलं मूलद्रव्य कोणतं?’ उत्तर एकच आणि प्रश्नही रंगतदार.

हयात व्यक्तींची नावं. हयात असताना ज्यांचं नाव अधिकृतपणे मूलद्रव्याला मिळालं असे दोघंच: सीबॉर्ग आणि ओगानेस्यान. कोणीतरी आइन्स्टाइनचं नाव सांगेल. आइन्स्टाइनियम १९५२ च्या हायड्रोजन बॉम्ब चाचणीच्या अवशेषांत सापडलं आणि नावही तेव्हाच सुचलं होतं. पण काम गुप्त असल्याने ते जाहीर झालं तोवर आइन्स्टाइन वारले होते. तेव्हा प्रश्नात ‘अधिकृतपणे’ हवंच, आणि हे स्पष्टीकरण तुमच्या वहीत तयार हवं.

संज्ञांची मोठी-लहान अक्षरं. लेखी उत्तरांत कोबाल्टची दोन्ही रोमन अक्षरं मोठी आली तर तो कार्बन मोनॉक्साइड झाला. नियम आधी सांगा: पहिलं मोठं, दुसरं लहान, नाहीतर शून्य. आधी सांगितलेला कडक नियम लोक मुकाट मानतात.

फेरीत एखादा हलका प्रश्न हवाच. शिसपेन्सिलीच्या टोकात कोणतं मूलद्रव्य असतं? घाईत ‘शिसं’ लिहिणारे दरवेळी निघतात. आत असतं ग्रॅफाइट, म्हणजे कार्बन. दुसरा माझा आवडता: स्वीडनमधल्या इटरबी या एका गावावरून चार मूलद्रव्यांना नावं मिळाली, ती सांगा. इट्रियम, इटर्बियम, टर्बियम, एर्बियम. गावाचं नाव वाचताना हळू वाचा. नुसत्या आवाजावरून दोन तरी सुटतात.

## ५. रॉकच्या फेरीतले खड्डे

‘पहिलं’. पहिलं रॉक अँड रोल गाणं कोणतं, हा प्रश्न विचारूच नका. १९५१ च्या ‘रॉकेट ८८’ पासून बरेच दावेदार आहेत आणि प्रत्येकाचे वकील तयार आहेत. ‘पहिलं’ वापरायचं तर ते मोजता येण्याजोगं हवं: १ ऑगस्ट १९८१ ला एमटीव्ही सुरू झालं तेव्हा दाखवलेला पहिला व्हिडिओ कोणत्या बँडचा? बगल्स. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये मान मिळालेली पहिली स्त्री? अरीथा फ्रँकलिन, १९८७. यावर वाद होत नाही.

‘कोणाचं गाणं’. ‘हाउंड डॉग’ कोणाचं? लिहिणारे लीबर आणि स्टोलर, आधी गाणारी बिग मामा थॉर्नटन, जगभर पोचवणारा १९५६ मध्ये एल्व्हिस. ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ लिहिलं डिलनने आणि लोकांच्या डोक्यात बसलंय ते हेंड्रिक्सचं. ‘कोणाचं’ हा शब्दच वहीतून काढून टाका. लिहिलं कोणी, आधी ध्वनिमुद्रित कोणी केलं, गाजवलं कोणी, यातलं एक काहीतरी नेमकं विचारा.

‘शेवटचा अल्बम’. बीटल्सचा शेवटचा अल्बम ‘लेट इट बी’ की ‘ॲबी रोड’? ‘लेट इट बी’ बाजारात आला मे १९७० मध्ये, पण त्याचं बरंचसं ध्वनिमुद्रण जानेवारी १९६९ मधलं. ‘ॲबी रोड’चं काम त्यानंतरचं, तो मात्र सप्टेंबर १९६९ मध्येच आला. ‘सर्वांत शेवटी प्रकाशित झालेला’ असं विचारलं की प्रश्न मार्गी लागतो.

मूळ सदस्य आणि नंतरचे. पिंक फ्लॉइड म्हटलं की गिलमोर डोळ्यांसमोर येतो, पण स्थापना करणाऱ्यांत तो नव्हता. सिड बॅरेट असतानाच्या शेवटच्या दिवसांत तो आला. रिंगो स्टार १९६२ च्या ऑगस्टमध्ये पीट बेस्टच्या जागी आला. ‘अमुक बँडचा ड्रमर कोण’ याऐवजी ‘अमुक अल्बमवर ड्रम्स कोणी वाजवले’ असं विचारा.

नाव आणि ठिकाण. वूडस्टॉक महोत्सव, ऑगस्ट १९६९, झाला वूडस्टॉकमध्ये नाही तर सुमारे ७० किलोमीटरवरच्या बेथेलमधल्या एका शेतावर. उत्तम प्रश्न आहे, पण ‘न्यूयॉर्क’ असं उत्तर आलं तर? राज्य धरलं तर तेही बरोबर. म्हणून ‘कोणत्या गावच्या हद्दीत’ विचारायचं.

देश न सांगणं. क्वीनचं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ ब्रिटनमध्ये १९७५ च्या अखेरीस आणि पुन्हा १९९१ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. अमेरिकेत पहिल्या खेपेला नवव्या क्रमांकापर्यंतच पोचलं. क्रमवारीच्या प्रत्येक प्रश्नात देशाचं नाव हवं. क्वीनवरून आठवलं: फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला, हे मराठी संघांना तोंडपाठ असतं. लोक बिचकलेले असतील तर फेरीच्या सुरुवातीला हा प्रश्न टाका, हात मोकळे होतात. गुणांत फरक पाडायला मात्र तो निरुपयोगी.

दंतकथा. लेड झेपेलिन हे नाव कोणी सुचवलं? काही जण ‘द हू’ या बँडच्या कीथ मूनचं नाव घेतात, काही त्याच बँडच्या एन्टविसलचं. असे प्रश्न सोडून द्या. पक्क्या माहितीतही नाट्य कमी नाही. ब्लॅक सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमीचं घ्या: सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिक वितळवून बोटांना टोप्या केल्या, पुढे तारा सैल लावल्या, आणि ब्लॅक सॅबथचा तो जड आवाज ऐकायला मिळाला. तीन इशारे आयतेच हातात आले.

## ६. जोडफेरी

क्विझ लोकांच्या लक्षात राहते ती या फेरीमुळे, तेव्हा घाईत उरकू नका. आयर्न मेडन आणि मेटॅलिका या बँडच्या नावांवर थांबलात तर ती नावांची कोटी होऊन बसेल. त्यापेक्षा वाद्यांच्या आत शिरा, तिथे खरी मूलद्रव्यं आहेत.

- इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपमध्ये (तारांचं कंपन टिपणाऱ्या भागात) वापरल्या जाणाऱ्या ‘अल्निको’ चुंबकाच्या नावात तीन मूलद्रव्यं दडलीत, ती ओळखा. ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट. नावात नसलेलं चौथं विचारून बोनस द्या: लोह.
- ड्रमरसमोरच्या झांजा ज्या मिश्रधातूच्या असतात त्यातले दोन धातू कोणते? तांबं आणि कथील, म्हणजे कांसं.
- १९६६ मध्ये आलेल्या आणि हेंड्रिक्सने गाजवलेल्या फझ फेस पेडलमध्ये (गिटारचा आवाज खरखरीत करणाऱ्या, पायाने दाबायच्या उपकरणात) सुरुवातीला एका मूलद्रव्याचे ट्रान्झिस्टर होते, नंतर सारणीतल्या त्याच्या वरच्या घरातल्याचे आले. दोन्ही सांगा. आधी जर्मेनियम, मग सिलिकॉन.
- अमेरिकेतल्या रेकॉर्ड विक्रीच्या मानचिन्हांत सोनं १९५८ पासून, प्लॅटिनम १९७६ पासून. १९९९ मध्ये आलेला तिसरा दर्जा कोणत्या मूलद्रव्याचं रूप? हिरा, म्हणून कार्बन. अल्बमसाठी तिथे अनुक्रमे पाच लाख, दहा लाख आणि एक कोटी प्रतींची अट. ब्रिटनचे आकडे वेगळे आहेत, म्हणून इथेही देश सांगायचाच.
- डिलनला साहित्याचं नोबेल मिळालं त्याच वर्षी चार मूलद्रव्यांच्या नावांना मंजुरी मिळाली. वर्ष कोणतं? २०१६. वर्ष उत्तर म्हणून नीरस असतं असं मी वर म्हटलं, पण इथे दोन बाजूंनी त्याच्यापर्यंत पोचता येतं, म्हणून चालतं.

आणि या फेरीचा राजा. मोटरहेड या बँडचा गायक लेमी २८ डिसेंबर २०१५ ला गेला. दोनच दिवसांनी चार नव्या मूलद्रव्यांना मान्यता जाहीर झाली. चाहत्यांनी लगेच ऑनलाइन मागणी केली की यातल्या एका जड धातूला ‘लेमियम’ नाव द्या. एक लाखाहून जास्त सह्या झाल्या. नियमांप्रमाणे मूलद्रव्याला नाव मिळतं ते पुराणकथेतली संकल्पना, खनिज, स्थळ, गुणधर्म किंवा शास्त्रज्ञ यांवरून. रॉक गायक त्यात बसत नाही. ‘२०१६ मध्ये चाहत्यांनी सुचवलेलं, पण सारणीत न आलेलं नाव कोणाच्या स्मरणार्थ होतं?’ हा प्रश्न शेवटी ठेवा. उत्तर न येणाऱ्यांनाही ते ऐकून मजा येते.

## ७. गाण्याचे तुकडे

दहा ते पंधरा सेकंद पुरेत, आणि प्रत्येक तुकडा दोनदा वाजवा. मूळ स्टुडिओतलं ध्वनिमुद्रण घ्या. नंतरच्या मैफिलीतल्या किंवा दुसऱ्याने गायलेल्या आवृत्तीवरून ‘कलाकार कोण’ विचारलं की पुन्हा वादाला तोंड. तुकडे आधीच कापून क्रमाने एका फोल्डरमध्ये ठेवा आणि फाइलींना फक्त अंक द्या. मोठ्या पडद्याला लॅपटॉप जोडलेला असतो आणि फाइलीचं नाव सगळ्यांना दिसतं.

सगळ्यांना ओळखू येणारी रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून) असेल तर ओळखायला सांगू नका, पलीकडचं विचारा. डीप पर्पलचं ‘स्मोक ऑन द वॉटर’ पहिल्या चार सुरांत कळतं. मग विचारा: या गाण्यातली डिसेंबर १९७१ ची आग कोणत्या शहरातली? स्वित्झर्लंडमधलं माँत्रो. आग लागली तेव्हा तिथल्या कॅसिनोत कोणाचा कार्यक्रम चालू होता, हा बोनस: फ्रँक झापाचा.

कार्यक्रम सार्वजनिक ठिकाणी असेल, त्यातही तिकीट लावलं असेल, तर गाणी वाजवायला परवाना लागू शकतो. जागा देणाऱ्याकडे तो आहे का, हे आधीच विचारून ठेवा.

## ८. तालीम घ्या

न खेळणाऱ्या दोघांना बसवून सगळे प्रश्न मोठ्याने वाचा. एक विषय जाणणारा हवा, एक अजिबात न जाणणारा. जाणणारा तुम्हाला दुसरं बरोबर उत्तर दाखवून देईल. न जाणणारा कुठे ‘पुन्हा वाच’ म्हणतो ते टिपून ठेवा. ते वाक्य मोडून लिहायचं आहे. परदेशी नावांचे उच्चार याच वेळी पक्के करा. फेरीतले दोन-तीन प्रश्न सगळ्यांना यावेत आणि एखादाच कोणालाही न यावा, असं माप ठेवा. ज्याचं उत्तर ऐकून समोरचा नुसता ‘बरं’ म्हणतो तो प्रश्न काढून टाका.

## ९. प्रत्यक्ष क्विझच्या वेळी

नियम सुरुवातीलाच, दोन मिनिटांत: फोन उलटे ठेवायचे, आडनाव पुरेल की पूर्ण नाव हवं, शुद्धलेखनाची सूट कुठे, आणि क्विझमास्टरचा निर्णय अंतिम. रॉकच्या फेरीत मी आडनावावर गुण देतो, मूलद्रव्यांत नावाच्या स्पेलिंगला सूट देतो, संज्ञेला देत नाही.

प्रश्न दोनदा वाचा, दुसऱ्यांदा सावकाश. मग तीस सेकंद. या वेळात विनोद करू नका. लोक कुजबुजून विचार करत असतात. उत्तरपत्रिका फेरी संपताच गोळा करा आणि उत्तरं त्यानंतरच जाहीर करा. तपासायला शेजारच्या संघाकडे देण्याची पद्धत वेळ वाचवते, पण गुणलेखकाने वरून एक नजर टाकावी.

हरकत आली तर? वहीतले दोन्ही आधार पाहा. तुमचा प्रश्न खरंच सैल निघाला तर दोन्ही उत्तरांना गुण द्या आणि पुढे चला. तो प्रश्न रद्द करून राखीव विचारला तर मूळ उत्तर आलेले संघ चिडतात. त्यामुळे राखीव प्रश्न फक्त दोन प्रसंगांसाठी: उत्तर चुकून फुटलं, किंवा ऐकायची फाइल वाजलीच नाही.

## १०. बरोबरी झाली तर

अंदाजाचा आकडा विचारा. जवळचा संघ जिंकतो. ‘टंगस्टनचा द्रवणांक किती अंश सेल्सिअस?’ ३४२२. उत्तरं लेखी आणि एकाच वेळी घ्या, नाहीतर दुसरा संघ पहिल्याच्या आकड्यात एक मिळवून बसतो. दोघं सारख्याच अंतरावर आले तर दुसरा आकडा हाताशी असू द्या: ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ची लांबी सेकंदांत. ही मात्र तुम्ही वाजवणार असाल त्याच फाइलवरून मोजून ठेवा, आणि बरोबरीचा निकाल सगळ्यांसमोर ती फाइल उघडून दाखवा.